ला सेल्वाच्या वर्षावनात वनस्पती आणि प्राणी कसे ओळखावेत: नव्या निरीक्षकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोस्टा रिकाच्या ईशान्येकडील सखल प्रदेशात, सारापिकी आणि पुएर्तो व्हिएहो या दोन नद्या जिथे मिळतात तिथे, ला सेल्वा हे जैविक संशोधन केंद्र आहे. वनशास्त्रज्ञ लेस्ली होल्ड्रिज यांच्या मालकीची ही जमीन ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज या संस्थेने १९६८ मध्ये घेतली आणि तेव्हापासून उष्णकटिबंधीय वर्षावनाचा अभ्यास तिथे अखंड चालू आहे. केंद्राचे क्षेत्र सुमारे १,६०० हेक्टर असून दक्षिणेला ते ब्राउलियो कार्रिय्यो राष्ट्रीय उद्यानाला जोडलेले आहे. वर्षाला सरासरी चार मीटर पाऊस पडतो. एवढ्याशा जागेत जवळपास २,००० जातींच्या वनस्पती आणि ४०० हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

नव्याने आलेल्या माणसाची येथे पहिल्याच दिवशी अडचण होते. झाडे तीस-चाळीस मीटर उंच असतात, त्यांची फुले छताच्या, म्हणजे शेंड्यांनी बनलेल्या सर्वांत वरच्या थराच्या वर उमलतात आणि खालून दिसतात ती फक्त खोडे. पक्षी दोन क्षण दिसतो आणि पानांआड जातो. सस्तन प्राणी बहुधा रात्री फिरतात. अशा वेळी चित्रांचे पुस्तक उघडून दिसलेल्या प्राण्यासारखे चित्र शोधत बसणे हा सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग आहे, कारण दाट विविधतेच्या जंगलात प्रत्येक चित्रासारखी आणखी चार चित्रे सापडतात. त्याऐवजी आधी मोठा गट निश्चित करावा, मग त्या गटात काय असू शकत नाही ते वगळत जावे आणि जिथे खात्री संपते तिथे थांबून तेवढेच लिहावे. पुढील सर्व पायऱ्या याच क्रमाच्या आहेत.

पायरी पहिली: येथे काय नाही ते आधी पाठ करावे

प्रवासाला निघण्यापूर्वी केंद्राच्या पक्षी, सस्तन प्राणी, उभयचर आणि सरपटणारे प्राणी यांच्या जातींच्या याद्या मिळवाव्यात आणि त्या देशाच्या यादीशी ताडून पाहाव्यात. देशाच्या यादीतून केंद्राच्या यादीत जे उतरलेले नाही, ते जाणून घेतल्याने ओळखीचे निम्मे काम होते. उदाहरणार्थ, कोस्टा रिकात माकडांच्या चार जाती आहेत, पण ला सेल्वात तीनच आढळतात: हाउलर, स्पायडर आणि पांढऱ्या तोंडाचे कापुचिन. चौथे स्क्विरल माकड फक्त पॅसिफिक किनाऱ्याच्या बाजूला राहते. त्यामुळे फांद्यांमध्ये लहान चणीचे माकड अर्धवट दिसले, तर ते स्क्विरल माकड असेल का या प्रश्नावर वेळ घालवण्याचे कारण उरत नाही. बहुधा ते कापुचिनचे पिल्लू असते.

साहित्याच्या बाबतीत माझा आग्रह तीनच गोष्टींसाठी आहे. दुर्बीण आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची असावी, कारण जंगलाच्या अंधारात अधिक पटीपेक्षा अधिक प्रकाश महत्त्वाचा ठरतो. दहापट मोठे दाखवणारे हातभिंग गळ्यात दोरीने अडकवलेले असावे, कारण खिशातले भिंग गरजेच्या वेळी बाहेर निघत नाही. वही पाण्याने न भिजणाऱ्या कागदाची असावी आणि लिहायला पेन्सिल घ्यावी. कॅमेरा आणि फोन उपयोगी आहेतच, पण त्या हवेत ते बंद पडू शकतात, म्हणून ते हवाबंद पिशवीत सिलिका जेलसह ठेवावेत.

पायरी दुसरी: हात आणि पाय कुठे ठेवायचे ते ठरवावे

ओळखण्याच्या नादात सुरक्षिततेचे भान सुटते, म्हणून हा भाग आधी सांगणे आवश्यक आहे. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावेत आणि पाय ठेवण्यापूर्वी जागा पाहावी. तेर्सियोपेलो या नावाने ओळखला जाणारा बोथ्रॉप्स आस्पर हा अत्यंत विषारी साप येथे राहतो आणि पाचोळ्याच्या रंगात तो पूर्णपणे मिसळून जातो. त्याची पिल्ले झुडपांच्या खालच्या फांद्यांवरही बसतात. तोल सावरण्यासाठी जवळचे खोड कधीही पकडू नये. काही ताडांच्या खोडांवर बोटभर लांबीचे काटे असतात, तर खोडांवरून बुलेट मुंगीची ये-जा चालू असते. पॅरापोनेरा क्लावाटा हे या मुंगीचे शास्त्रीय नाव. ती सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर लांब, काळपट असते आणि तिच्या दंशाची वेदना पूर्ण दिवसभर टिकू शकते.

पाने, फुले किंवा कीटक गोळा करायचे असतील, तर देशाच्या कायद्यानुसार परवाना आणि केंद्राची लेखी संमती दोन्ही लागतात. संशोधनाच्या कायमस्वरूपी भूखंडातील झाडांवर क्रमांकाच्या पट्ट्या असतात. त्या झाडांना, त्यांच्याखाली पडलेल्या पाचोळ्याला किंवा तेथील जाळ्यांना हात लावू नये, कारण कोणाचे तरी अनेक वर्षांचे मोजमाप त्यावर अवलंबून असते.

पायरी तिसरी: फुलाची वाट न पाहता वनस्पतीचे कुळ गाठावे

हा या लेखाचा सर्वांत मोठा भाग आहे, कारण वर्षावनात टिकून राहणारी ओळख येथूनच सुरू होते. आपल्याला शाळेत फुलांवरून वर्गीकरण शिकवले गेले, मात्र येथे बहुतांश दिवशी बहुतांश झाडांना फुले नसतात. पान, देठ, पेर, साल, चीक आणि वास एवढ्यांवर कुळापर्यंत पोहोचता येते आणि कुळ बरोबर असेल, तर जातीपर्यंतचा शोध शेकड्यांवरून दहा-वीस पर्यायांवर येतो.

प्रथम हे पान नक्की कोणाचे आहे ते ठरवावे. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पडलेली पाने त्या झाडाची असतीलच असे नाही. त्याच्यावर चढलेल्या वेलीची, वरच्या फांदीवर वाढणाऱ्या अपिवनस्पतीची किंवा शेजारच्या झाडाचीही असू शकतात. दुर्बिणीने छतातील पानाची मांडणी पाहून खाली पडलेल्या पानाशी ती जुळते का, हे तपासावे. याच टप्प्यावर रोपट्याचे पान आणि मोठ्या झाडाचे पान यांत फरक असतो, हेही लक्षात ठेवावे. सावलीतील रोपट्याची पाने बहुधा मोठी आणि पातळ असतात, तर उन्हातील पाने लहान आणि जाड असतात.

त्यानंतर पान साधे आहे की संयुक्त, हे पाहावे. यासाठी एकच खात्रीची खूण आहे: पानाच्या देठाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या, म्हणजे संयुक्त पानाच्या एका सुट्या भागाच्या, बगलेत नसते. एका दांड्यावर दोन्ही बाजूंनी दहा-बारा पाने दिसत असतील, तर प्रत्येकाच्या बुडाशी भिंग लावून कळी शोधावी. कळी फक्त दांडा फांदीला मिळतो तिथेच सापडली, तर तो संपूर्ण दांडा म्हणजे एकच पान आहे. ही तपासणी टाळल्यास पुढचे सगळे पर्याय चुकतात.

मग पानांची मांडणी पाहावी. ती समोरासमोर आहेत की एकाआड एक? यानंतर पेरावर, म्हणजे पान खोडाला जिथे जोडलेले असते तिथे, उपपर्णे (देठाच्या बुडाशी येणारे छोटे पानासारखे भाग) आहेत का, किंवा ती गळून गेल्यावर राहिलेला वण आहे का, ते शोधावे. शेवटी पानाचा तुकडा किंचित चुरगळून वास घ्यावा आणि देठ मोडल्यावर चीक येतो का, येत असेल तर त्याचा रंग कोणता, हे पाहावे. ज्यांची त्वचा संवेदनशील आहे त्यांनी चिकाला बोट लावू नये आणि कोणताही भाग जिभेवर ठेवू नये.

या चार-पाच प्रश्नांच्या उत्तरांतून काही कुळे लगेच समोर येतात. साधी पाने समोरासमोर, कडा सरळ, आणि दोन देठांच्या मधोमध, म्हणजे खोडाच्या उरलेल्या दोन बाजूंना, त्रिकोणी उपपर्ण असेल, तर ते रुबिएसी म्हणजे कॉफीचे कुळ होय. ला सेल्वाच्या खालच्या थरातील झुडपांमध्ये हे कुळ सतत भेटते. साधी पाने समोरासमोर असून पानाच्या बुडापासून टोकापर्यंत कमानीसारख्या जाणाऱ्या तीन ते सात ठळक शिरा दिसल्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरा शिडीच्या पायऱ्यांसारख्या असल्या, तर ते मेलास्टोमाटेसी कुळ समजावे. हे कुळ एकदा नीट पाहिले की पुन्हा विसरत नाही.

पाने एकाआड एक, साधी, पांढरा चीक आणि फांदीच्या टोकाशी सुईसारखे उपपर्ण, जे गळल्यावर फांदीभोवती पूर्ण कडे राहते, एवढे सगळे जुळले, तर ते मोरेसी म्हणजे वड-फणसाचे कुळ आहे. पाने एकाआड एक, उपपर्णे अजिबात नाहीत, चीक नाही, आणि चुरगळल्यावर दालचिनी-तमालपत्राच्या जातकुळीतील वास येतो, तर लॉरेसी समजावे. अ‍ॅनोनेसी म्हणजे सीताफळाच्या कुळातही पाने एकाआड एक आणि वासाची असतात, परंतु ती फांदीच्या दोन बाजूंना एकाच पातळीत मांडलेली असतात आणि फांदीची साल सोलली असता लांब, चिवट पट्टी निघते. दोघांत गोंधळ झाला, तर सालीची पट्टी निर्णायक मानावी.

चिकाचा रंग कधी कधी एकट्यानेच बरेच काही सांगून जातो. साध्या पानांच्या झाडाच्या सालीतून लालसर रस आला आणि फांद्या खोडाभोवती एकाच उंचीवर आडव्या पसरल्या असल्या, तर ते विरोला, म्हणजे जायफळाच्या कुळातील झाड असण्याची शक्यता दाट असते. मात्र पाणथळ जागेत लाल रस आणि संयुक्त पाने एकत्र दिसली, तर ते शेंगांच्या कुळातील टेरोकार्पस असते. साल कापून पाहण्याची परवानगी नसेल, तेव्हा गळून पडलेल्या ताज्या फांदीवर हीच पाहणी करावी.

संयुक्त पानांत शेंगांच्या कुळाचे, म्हणजे फॅबेसीचे राज्य आहे. त्यांच्या देठाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. या कुळातील पेंटाक्लेथ्रा मॅक्रोलोबा हे झाड ला सेल्वाच्या जुन्या जंगलावर इतके वर्चस्व ठेवून आहे की ते सर्वांत आधी शिकून घ्यावे. स्थानिक लोक त्याला गाविलान म्हणतात. त्याचे पान दोनदा विभागलेले, नेच्यासारखे बारीक असते आणि मोठ्या लाकडी शेंगा फुटल्यावर वळून खाली पडलेल्या दिसतात. हे एक झाड ओळखता येऊ लागले की आजूबाजूच्या खोडांतील मोठा हिस्सा बाजूला निघतो आणि उरलेल्यांकडे लक्ष देता येते. दुसरे महत्त्वाचे झाड म्हणजे आल्मेंद्रो, अर्थात डिप्टेरिक्स. त्याची साल गुळगुळीत, गुलाबीसर तांबूस असते आणि पानाचा दांडा चपटा, पंखासारखा असून शेवटच्या पर्णिकेच्याही पुढे टोकासारखा निघालेला असतो. ग्रेट ग्रीन मकाव हा मोठा पोपट याच झाडाची फळे खातो आणि त्याच्या ढोलीत घरटे करतो, म्हणून हे झाड ओळखणे पक्षिनिरीक्षकालाही आवश्यक आहे.

इंगा आणि ग्वारेआ यांची जोडी शिकण्यासारखी आहे, कारण दुरून दोन्हींची पिसासारखी संयुक्त पाने सारखीच भासतात. इंगाच्या पानावर पर्णिकांच्या प्रत्येक जोडीच्या मधोमध वाटीच्या आकाराची छोटी मधुग्रंथी असते. भिंगाखाली तिची गोल कड स्पष्ट दिसते आणि बहुधा एखादी मुंगी तिथे तोंड लावून उभी असते. ग्वारेआच्या पानावर अशा ग्रंथी नसतात. त्याच्या पानाच्या टोकाशी मात्र मुठीसारखी वळलेली कळी असते, कारण ते पान टोकाकडून पुढे वाढतच राहते. ही दोन लक्षणे पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही आणि त्यांतून दोन वेगवेगळी कुळे निश्चित होतात.

मोकळ्या जागेत आणि नदीकाठी सेक्रोपिया हे पोकळ, कड्यांच्या खोडाचे झाड दिसते. त्याची छत्रीसारखी पाने देठाला कडेवर न जोडता आतल्या बाजूला जोडलेली असतात आणि खोडात अ‍ॅझटेका मुंग्यांची वसाहत राहते. पान तसेच हाताच्या पंजासारखे, पण देठ कडेलाच जोडलेला आणि मुंग्या नाहीत, असे असेल, तर ते पोरूमा असते.

वेलींच्या बाबतीत पानांपर्यंत पोहोचणे बहुधा अशक्य असते. खाली तुटून पडलेली जाड वेल सापडली, तर तिचा आडवा छेद पाहावा. लाकडात चार बाजूंनी आत घुसलेला क्रॉसाचा आकार दिसला, तर ती बिग्नोनिएसी कुळातील वेल आहे.

पायरी चौथी: ताड आणि रुंद पानांच्या वनस्पती

ताडांसाठी मुळांपासून सुरुवात करावी. सोक्राटेआ आणि इरिआर्टेआ हे दोन्ही ताड आधारमुळांवर उभे असतात. सोक्राटेआची मुळे विरळ आणि काटेरी असून त्यांच्यामधून पलीकडचे दिसते, तर इरिआर्टेआची मुळे इतकी दाट असतात की बंद शंकूसारखी वाटतात. वेल्फिया रेजिया या ताडाला अशी मुळे नसतात आणि त्याचे नवे पान तांबूस रंगाचे निघते.

रुंद पानांच्या वनस्पतींत नवशिक्यांची गल्लत नेहमी होते, कारण सर्वच केळीसारख्या दिसतात. खोडाभोवती पाने एकाच ओळीने, जिन्यासारखी फिरत वर गेली असतील, तर कोस्टस. पान आणि देठ यांच्या सांध्यावर फुगीर, वेगळ्या रंगाची गाठ असेल, तर मॅरांटेसी. पाने समोरासमोरच्या दोन ओळींत आणि फुलोऱ्यावर होडीच्या आकाराची रंगीत छदे (फुलांना झाकणारी पानासारखी आवरणे) असतील, तर हेलिकोनिया.

पायरी पाचवी: पक्षी कानाने शोधावेत, डोळ्यांनी पक्के करावेत

पहाटेपासून पहिले दोन-तीन तास पक्ष्यांसाठी राखावेत. एकाच ठिकाणी निदान वीस मिनिटे उभे राहावे. चालत राहणाऱ्या माणसाला छतातील पक्षी दिसत नाहीत. प्रथम आवाज कोणत्या थरातून येतो ते ठरवावे: जमीन, झुडपे, मधला थर की छत. संध्याकाळी जमिनीलगत लांबट, कंपित शिट्टी ऐकू आली, तर ती ग्रेट टिनामूची असते. झुडपांतून फटाक्यासारखा कडकड आवाज आला, तर तो बहुधा कंठातून आलेला नसतो. पांढऱ्या गळपट्टीचा मॅनाकिन नर पंखांनी तो काढतो.

काही जोड्या आवाजानेच सुटतात. ला सेल्वातील दोन मोठ्या टूकानांचे अंग काळे आणि गळा पिवळा असतो आणि उंच झाडावर प्रकाशाविरुद्ध चोचीचे रंग दिसत नाहीत. कील-बिल्ड टूकान बेडकासारखे एकसुरी डरकते, तर दुसरा, म्हणजे यलो-थ्रोटेड टूकान, मोठ्याने, लयीत, केकाटल्यासारखा ओरडतो. चोच दिसली, तर पहिल्याची बहुरंगी आणि दुसऱ्याची वर पिवळी, खाली गडद तपकिरी असते.

ट्रोगन पक्ष्यांसाठी क्रम ठरलेला ठेवावा: पोटाचा रंग, डोळ्याभोवतीचे कडे, शेपटीची खालची बाजू. लाल पोट, नारिंगी चोच आणि शेपटीखाली एकसारखा गडद रंग असेल, तर स्लेटी-टेल्ड नर. पिवळे पोट, हिरवे डोके आणि काळा गळा असेल, तर ब्लॅक-थ्रोटेड नर. पिवळ्या पोटासह निळसर जांभळे डोके आणि पिवळे कडे असेल, तर गार्टर्ड नर. मादी पाहताना हिरवा रंग शोधू नये. स्लेटी-टेल्डची मादी राखाडी आणि ब्लॅक-थ्रोटेडची तपकिरी असते.

लष्करी मुंग्यांचा, म्हणजे एसिटन बर्शेलीचा, थवा जमिनीवरून पसरत जाताना दिसला, तर तिथून हलू नये. मुंग्यांमुळे उडालेले कीटक टिपण्यासाठी अँटबर्ड गटातील पक्षी तिथे जमतात, आणि एरवी केवळ आवाजावरून नोंदले जाणारे हे पक्षी तेव्हा काही मीटरवर पाहता येतात. थव्याच्या मार्गात मात्र उभे राहू नये.

पायरी सहावी: सस्तन प्राणी खुणांवरून आणि ठिकाणावरून

दिवसा दिसणाऱ्यांत रानडुकरासारखा पेकरी आणि कुरतडणाऱ्या प्राण्यांतला अगूटी सहज भेटतात. पेकरी कळपाने फिरतात आणि दिसण्यापूर्वी त्यांचा उग्र वास येतो. अगूटीशी गोंधळ होऊ शकेल असा पाका हा प्राणी निशाचर असून त्याच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. स्लॉथ पाहताना पुढच्या पायांची नखे मोजावीत, कारण दोन बोटांच्या आणि तीन बोटांच्या अशा दोन्ही स्लॉथांना मागच्या पायांना तीनच नखे असतात. नखे दिसली नाहीत, तर चेहरा पाहावा: डोळ्यांवरून गेलेली काळी पट्टी तीन बोटांच्या स्लॉथची, लांबट नाक आणि पट्टीविरहित चेहरा दोन बोटांच्या स्लॉथचा.

चिखलातील माग वाचताना आधी त्याचा पुढचा आणि मागचा पाय वेगळा करावा. टेपिरच्या पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला तीन बोटे असतात; दोन खुरांची लहान खूण पेकरीची असते. मांजरवर्गीय प्राण्यांच्या मागात नखे उमटत नाहीत. ओसेलॉट आणि मार्गे या दोन ठिपकेदार रानमांजरांचे कॅमेरा ट्रॅपमधील (प्राणी समोर आल्यावर आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यातील) छायाचित्र समोर आले, तर ठिपक्यांच्या नक्षीवर भर देऊ नये. शेपटी मागच्या पायापेक्षा लांब असेल, तर मार्गे. आखूड असेल, तर ओसेलॉट. माझ्या मते शेपटी चौकटीबाहेर असलेल्या छायाचित्राला जातीचे नाव देण्याचा मोह आवरावा आणि फक्त प्रजातीचे, म्हणजे जातीच्या वरच्या गटाचे (genus) नाव लिहावे.

वटवाघळे हातात न घेता जातीपर्यंत ओळखणे बहुधा शक्य नसते, पण विश्रांतीची जागा काहींना अचूक उघड करते. हेलिकोनियाच्या पानाच्या मधल्या शिरेलगतच्या बाजूच्या शिरा कुरतडून पान तंबूसारखे दुमडलेले असेल आणि त्याखाली पिवळ्या कानांचे पांढरेशुभ्र गोळे चिकटून बसलेले असतील, तर ते एक्टोफिला आल्बा होय. गुंडाळलेल्या कोवळ्या पानाच्या नळीत डोके वर करून बसलेले वटवाघूळ दिसले, तर ते थायरोप्टेरा असते. त्याच्या अंगठ्यांवर आणि पायांवर चिकटण्यासाठी चकत्या असतात. नदीवर झुकलेल्या खोडाखाली एका ओळीत बसलेली लहान, राखाडी वटवाघळे दिसली, तर ती प्रोबोसिस वटवाघळे असतात.

पायरी सातवी: बेडूक, सरडे आणि साप

रात्रीच्या फेरीत हेडलॅम्प डोळ्यांच्या पातळीवर धरावा म्हणजे प्राण्यांच्या डोळ्यांतील प्रकाश परत दिसतो. जमिनीवरचे हिरवे-निळे बारीक ठिणगीसारखे बिंदू कोळ्यांचे असतात. बेडकांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. कीटकनाशक मलम लागलेला हात त्यांच्या त्वचेसाठी घातक ठरतो. दुसऱ्या जंगलातून येताना बूट घासून, निर्जंतुक करून यावे, कारण उभयचरांना रोग देणारी कायट्रिड बुरशी मातीबरोबर पसरू शकते. ला सेल्वाच्या पाचोळ्यातील उभयचर आणि सरडे यांची संख्या १९७० पासूनच्या ३५ वर्षांत सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्याचे तेथील दीर्घकालीन नोंदींतून दिसून आले आहे. म्हणून येथे प्रत्येक बेडकाची नोंद गंभीरपणे घ्यावी.

लाल अंग आणि निळे पाय असलेला दोन सेंटिमीटरचा ऊफागा पुमिलिओ हा बेडूक दिवसा पाचोळ्यात बोलतो. त्याचा आवाज कीटकाचा वाटतो, म्हणून अनेक जण त्याच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जातात. लाल डोळ्यांच्या झाडबेडकांत दोन जातींचा गोंधळ होतो. कुशीवर निळ्या पार्श्वभूमीवर पिवळट उभे पट्टे असतील, तर आगालिक्निस कॅलिड्रियास. कुशी एकसारखी निळी-जांभळी, पट्ट्यांविना असेल, तर आगालिक्निस साल्टाटोर. झोपलेल्या बेडकाची कुशी दिसत नाही. अशा वेळी त्याला हलवू नये, तो जागा होईल तेव्हा परत यावे.

अ‍ॅनोल सरड्यांसाठी गळ्याखालचा पंखा उघडेपर्यंत थांबावे. नराचा पंखा लाल आणि कडेला पिवळा असेल व तो जमिनीजवळ बसला असेल, तर अ‍ॅनोलिस ह्युमिलिस. सडपातळ अंग आणि पांढुरका पंखा असेल, तर अ‍ॅनोलिस लिमिफ्रॉन्स.

सापांच्या बाबतीत एक नियम काटेकोरपणे पाळावा: ओळखण्यासाठी जवळ जाऊ नये. लांबून, झूम वापरून छायाचित्र घ्यावे आणि मागे यावे. कोरल सापांविषयी उत्तर अमेरिकेत शिकवला जाणारा, लाल आणि पिवळे पट्टे लागून आहेत का यावर आधारलेला नियम मध्य अमेरिकेत लागू पडत नाही. येथे मायक्रुरस या विषारी कोरल सापांच्या पट्ट्यांचा क्रम वेगवेगळा असतो आणि काहींत तर दोनच रंग असतात. त्यामुळे कड्यांचे पट्टे असलेला प्रत्येक साप विषारी धरून वागावे. डोळ्यांवर पापणीसारखे खवले असलेला आयलॅश वायपर पिवळा, हिरवा किंवा तपकिरी अशा अनेक रंगांत सापडतो, म्हणून रंगावरून त्याची जात ठरवू नये.

पायरी आठवी: कीटकांत अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात

बहुतेक कीटक जातीपर्यंत ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि तज्ज्ञ लागतात. येथे दोन सवयी पुरेशा आहेत. पहिली, कीटक ज्या वनस्पतीवर होता तिचे नाव, निदान कुळ, नक्की लिहावे, कारण अनेक अळ्या ठरावीक वनस्पतीच खातात. दुसरी, फुलपाखराचे पंख उघडे आणि मिटलेले, अशा दोन्ही स्थितींत छायाचित्र घ्यावे. पाने वाहून नेणाऱ्या मुंग्यांत पाठीवर काट्यांच्या तीन जोड्या असतील, तर अ‍ॅटा आणि चार जोड्या असतील, तर अ‍ॅक्रोमायरमेक्स, एवढा फरक भिंगाने करता येतो.

पायरी नववी: अ‍ॅपचे उत्तर पुरावा नव्हे, सूचना मानावी

आयनॅचरलिस्ट, मर्लिन यांसारखी साधने उपयोगी आहेत, मात्र त्यांना ज्या जातींची छायाचित्रे किंवा ध्वनिमुद्रणे भरपूर मिळाली आहेत त्यांच्याकडे त्यांचा कल असतो. वर्षावनातील झुडपे आणि लहान कीटक यांची छायाचित्रे कमी असल्याने तिथे सर्वाधिक चुका होतात. अ‍ॅपने सुचवलेले नाव केंद्राच्या यादीत आहे का हे आधी पाहावे, मग सुचवलेल्या जातीची दोन लक्षणे आपण स्वतः पाहिली होती का, असे विचारावे. पाहिली नसतील, तर नाव कुळाच्या पातळीवर ठेवावे. वनस्पतीचे छायाचित्र अपलोड करायचे असेल, तर संपूर्ण झाड, पानाची मांडणी, देठाचे पेर, पानाची खालची बाजू आणि साल, अशी वेगवेगळी छायाचित्रे मोजपट्टीसह द्यावीत; एका सुंदर पानाच्या छायाचित्रावरून तज्ज्ञही काही सांगू शकत नाहीत.

पायरी दहावी: पाहिलेले आणि ठरवलेले वेगळे लिहावे

वहीच्या प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, पायवाटेचे नाव आणि तिच्यावरील अंतराची खूण, थर आणि हवामान असावे. डाव्या बाजूला प्रत्यक्ष पाहिलेली लक्षणे आणि उजव्या बाजूला निष्कर्ष लिहावा. निष्कर्षासोबत खात्रीची पातळीही नोंदवावी: कुळ निश्चित, प्रजाती निश्चित, की जात निश्चित. एखाद्या जातीशी साम्य आहे पण खात्री नाही, अशा वेळी शास्त्रीय लेखनात नावापूर्वी «सी.एफ.» लिहिण्याची पद्धत आहे आणि ती नवशिक्यानेही पहिल्या दिवसापासून वापरावी.

संध्याकाळी, आठवण ताजी असताना, त्या दिवसाच्या नोंदी केंद्राच्या वनस्पतिसंग्रहातील नमुन्यांशी आणि याद्यांशी ताडून पाहाव्यात. संग्रहातील वाळलेल्या नमुन्यात रंग आणि वास गेलेले असतात, परंतु पानांची मांडणी, उपपर्णे आणि शिरा जशाच्या तशा राहतात, म्हणून वहीत नेमक्या याच गोष्टी रेखाटलेल्या असाव्यात. नाव बदलावे लागले, तर जुने नाव खोडून टाकू नये. त्यावर एक रेघ मारून नवे नाव, बदलाची तारीख आणि बदलाचे कारण शेजारी लिहावे, म्हणजे पुढे कोणी ती नोंद वापरताना कोणत्या लक्षणावरून मत बदलले हे त्याला स्वतः तपासता येईल.